अर्धलीची शेळी आणि सात वर्षांचा कागद

आमच्या घरात बचतीवर जितकं बोललं गेलं तितकी बचत झाली असती, तर बापूंना निवृत्तीनंतर शिकवण्या घ्याव्या लागल्या नसत्या. बापू म्हणजे माझे वडील. काष्टीपासून चार मैलांवरच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात ते मराठी आणि इतिहास शिकवायचे आणि कुणी सांगितलेलं नसताना काटकसरही शिकवायचे. ताटावर बसलं की पहिला घास घेण्याआधी ते बोट वर करायचे. "पगार हातात आला की आधी बाजूला काढावं आणि उरेल त्यात भागवावं. लोक नेमकं उलटं करतात." वाक्य खरं होतं. आज हेच वाक्य टाय लावलेला मुलगा वातानुकूलित खोलीत सांगतो आणि वर फी घेतो. बापू फुकट सांगायचे, म्हणून कुणी ऐकत नसे. ते स्वतःही ऐकत नसत. एक तारखेला ते अख्खा पगार आईच्या हातात ठेवायचे आणि दहा तारखेपासून थोडा थोडा परत मागायला लागायचे. कधी पोस्टातून पुस्तकाची व्हीपी पैसे भरून सोडवायची असायची, कधी कुणा मुलाची परीक्षा फी भरायची असायची, कधी शिक्षकांच्या संमेलनाची वर्गणी. आई नेहमी पैसे द्यायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी बरीच वर्षं चुकीचा लावला.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. उन्हाळ्यात दुपारी पत्रे तडतडायचे आणि संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडायचे. आम्हाला घड्याळाची गरज नव्हती. ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे त्या दिवसांत पाऊस सलग दोनदा चुकला होता. घरात ज्वारी उरली नव्हती, रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी गरम असताना विटेसारखी दिसायची आणि गार झाल्यावर विटेसारखीच लागायची. आई त्यात मूठभर उडदाचं पीठ मिसळायची, म्हणजे निदान थापताना ती तुटत नसे. वर लसणाची चटणी आणि आठवड्यातून एकदा अंडं. अंडं माझं असायचं. म्हणजे मालकी माझी, खाणार सगळे.

कोंबड्या पाळायला मी आठवीत असताना लागले. बापूंना ते आवडलं नव्हतं. शिक्षकाच्या दारात उकिरडा उकरणारं काही असू नये असं त्यांचं मत होतं. अंडी मात्र ते मत बाजूला ठेवून खायचे. तीन कोंबड्यांच्या अकरा झाल्या त्या माझ्या हिशेबानं झाल्या, नशिबानं नव्हे. रोजचं अंडं विकायचं की खुडूक कोंबडीखाली ठेवायचं, हा प्रश्न मला तेराव्या वर्षी पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी जे शिकले ते मला पुढे कुठल्याही पुस्तकानं नव्यानं शिकवलं नाही. विकलेलं अंडं आज वीस पैसे देतं. बसवलेलं अंडं पाच महिने काही देत नाही, मधे घार नेते, मांजर नेतं, पण राहिलं तर पुढची दोन वर्षं अंडी देतं. म्हणून मी दर हंगामाला थोडी बसवायचे, बाकीची विकायचे. कालव्याच्या कँपवरचे ओव्हरसियर माझं मोठं गिऱ्हाईक. तुपाच्या रिकाम्या डब्यात भुसा भरून त्यात अंडी खोचायची आणि शाळेच्या वाटेवर पोचती करायची. पैसे शाळेतच ठेवायचे, कारण आमच्या शाळेत मुलांची बचत बँक होती आणि तिचे प्रमुख माझे वडील होते.

बँक म्हणजे एक टेबल, एक वही आणि शनिवारी मधल्या सुट्टीत उभी राहिलेली रांग. मुलं पाच पैसे, दहा पैसे आणायची. बापू ते पासबुकात लिहायचे आणि सगळी रक्कम शाळेच्या नावानं पोस्टात जायची. माझ्या पासबुकावर अकरावीच्या वर्षी दोनशे बारा रुपये जमले होते. ते कशासाठी आहेत हे घरातल्या भिंतीलाही माहीत होतं. मॅट्रिक झाल्यावर मला नगरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. फी, वसतिगृहाचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याची मेस मिळून एकशेऐंशी रुपये लागणार होते. वर बत्तीस रुपये उरत होते, त्यात एक पांढरा कोट शिवायचा होता. तो कोट मी मनात इतक्यांदा शिवला होता की त्याची बटणंही ठरलेली होती.

त्या मार्चमध्ये अल्पबचतीचं उद्दिष्ट आलं. कुठून तरी तालुक्याला आलं आणि तालुक्यानं ते शाळांना वाटलं. निम्मं गाव रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडत होतं, गुरं छावणीत होती, आणि शाळेनं गावाला बचतीचं महत्त्व पटवून अमुक इतकी सर्टिफिकेटं खपवायची होती. हेडसरांनी शिक्षकांच्या टोळ्या पाडल्या. बापू खडीच्या कामावर गेले आणि हातोडे खाली ठेवायला लावून त्यांनी बायकांना सात वर्षांचं व्याज समजावून सांगितलं. एक बाई म्हणाली, "गुर्जी, सात वर्सांचं ऱ्हाऊ द्या, रविवारचा पगार कवा व्हईल तेवढं सांगा." बापूंनी हे घरी हसत हसत सांगितलं. आई हसली नाही.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या चौथ्या दिवशी शाळेत समारंभ ठेवला होता. पाहुण्यांच्या हस्ते बचतवीरांचा सत्कार. टँकर गावात तीन दिवसांआड यायचा. त्या सकाळी त्यातलं निम्मं पाणी पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून पटांगणावर मारलं. पटांगण दहा मिनिटांत पुन्हा वाळलं, पाहुणे तीन तासांनी आले. मी 'बचतीचे महत्त्व' यावर भाषण केलं. ते बापूंनी लिहून दिलं होतं, त्यात आठ म्हणी होत्या. त्यातली एकही मी पुढे आयुष्यात वापरली नाही आणि इथेही वापरणार नाही. मग हेडसरांनी माझं नाव पुन्हा पुकारलं. पाहुण्यांनी लाल फितीनं बांधलेली कागदाची एक गुंडाळी माझ्या हातात दिली आणि फोटोसाठी ती तशीच धरून ठेवली. हेडसर माईकवर म्हणाले, "कुमारी सुशीला हिने स्वतःच्या बचतीतून दोनशे रुपयांची सात वर्षांची सर्टिफिकेटं घेतली आहेत!" टाळ्या झाल्या. मी सर्टिफिकेटं घेतली आहेत हे मला त्या टाळ्यांमध्ये कळलं. पहिल्या रांगेत बापू दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही.

"बापू, माझे पैसे कुठायत?"

"तुझ्या हातात आहेत."

"हा कागद आहे."

"नोटही कागदच असते, सुशे."

"नोट नगरला चालते. हा चालतो का?"

बापू खाटेवर बसले आणि त्यांनी वर्गातला आवाज लावला. पैसे गेलेले नाहीत, उलट वाढतायत. सरकारची हमी. सात वर्षांनी दोनशेचे पावणेतीनशेच्या वर होतील. बसल्या जागी.

"मला जूनमध्ये लागणार आहेत."

"जूनला वेळ आहे अजून. काहीतरी करू." मग ते खाली बघत म्हणाले, "हेडसरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, उद्दिष्टाला दोनशे कमी पडतायत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या घरापासून सुरुवात करतो."

"तुमच्या घरापासून? माझ्या कोंबड्यांपासून केलीत."

आतून आईचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मला विचारलं का नाही?" मी म्हटलं.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तुला काय विचारायचं?" ते म्हणाले. "चांगलंच केलंय ना?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढत पोस्टात नेलं. आमचे पोस्टमास्तर शिक्का मारतानाही माणसाकडे बघत नसत, त्या दिवशी त्यांनी बघितलं. कागद उलटा केला, सुलटा केला. "गुरुजी, हे भिंतीत चिणल्यासारखं असतं. सुरक्षित आहे, कुणी नेणार नाही. पण आत्ता बाहेर निघत नाही. नियम मी केलेला नाही." बापू म्हणाले, "बघ, सुरक्षित आहे." मी त्या दिवशी त्यांच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून घरी आले.

हे लिहिताना माझा नातू शेजारी बसला आहे. त्याच्या मोबाईलवर एक रेष वर चढताना दिसते, दर महिन्याला त्याच्या पगारातून आपोआप काहीतरी त्या रेषेत जातं. पद्धत चांगली आहे; बापूंचं ताटावरचं वाक्य शेवटी कुणीतरी यंत्रात घातलं. मी त्याला विचारलं, "यातून बाहेर कसं पडायचं?" तो म्हणाला, "आजी, मी आत्ताच कुठे आत आलोय." मला ते पटांगण आठवलं.

पासबुकात बारा रुपये उरले होते. मी मनाशी मांडलं, एप्रिल-मेमध्ये अंडी विकून चाळीस होतील, बाकीचे बापू पगारातून आगाऊ घेतील. मग वैशाखात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. संध्याकाळी कोंबडी मान वाकडी करून उभी राहायची आणि सकाळी ताठ पडलेली असायची. आठ दिवसांत अकराही गेल्या. शेवटची तांबडी होती, सगळ्यात जुनी. तिला पुरताना मला रडू आलं नाही, राग आला. ज्या पैशाला काही होत नाही तो मला हात लावू देत नव्हता आणि ज्याला मी हात लावू शकत होते ते खड्ड्यात चाललं होतं. बापूंचा आगाऊ पगारही आधीच उचलून झालेला निघाला, कशासाठी ते त्यांना नीट आठवेना.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग. हेडसर पेढे घेऊन घरी आले. शाळेची शान वगैरे म्हणाले. फी भरायला आठ दिवस होते. त्या रात्री जेवताना बापूंनी बोट वर केलं नाही. मी मिलोची भाकरी ताटात नुसती मोडत बसले होते. आणि आई, जी कधी पैशाबद्दल बोलत नसे, ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "माझ्याकडं हायत."

"पैसे?" बापूंनी विचारलं.

"शेळ्या."

"कुठं आहेत शेळ्या?"

"ठकूबाईकडं. दोन. अर्धलीनं दिल्यात."

अर्धलीची रीत आमच्याकडच्या बायकांना पाठ असते, पुरुषांना फारशी माहीत नसते. शेळी विकत घ्यायची आणि जिच्याकडे वेळ आहे, रान आहे, तिच्याकडे सांभाळायला द्यायची. मूळ शेळी देणारीची, दूध सांभाळणारीचं, करडं अर्धी अर्धी. लिखापढी नाही, साक्षीदार नाही. फक्त काहीही विकायचं झालं तर दोघींनी मिळून ठरवायचं.

"कधीपासून?" बापूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सुशी पाळण्यात हुती तवापासनं. तुमीच म्हणता ना, पगार आला की आधी बाजूला काढावं." आईनं भाकरी उलटली. "मी काढत गेले."

सोळा-सतरा वर्षांत बापूंचं भाषण मनावर घेतलेलं एकच माणूस निघालं आणि तेही त्यांच्या पाठीमागे, चुलीपाशी बसलेलं. त्या शेळ्यांच्या करडांवर माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली भांडी आली होती, बापूंच्या टायफॉइडची औषधं आली होती. बापूंना वाटायचं, भागतं.

सकाळी आई आणि मी ठकूबाईच्या वस्तीवर गेलो. वाळलेल्या ओढ्यापलीकडे तिचं छप्पर. ठकूबाई आईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, काटकुळी, तोंडात सदा मिश्री. बाभळीच्या शेंगा एका पोत्यावर पसरून ती दोन्ही शेळ्यांना चारत होती. एक काळी, एक बांडी, कान पांढरे. आईनं सगळं सांगितलं. ठकूबाईनं ऐकून घेतलं, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "आत्ता इकायच्या? काष्टीच्या बाजारात जाऊन बघ एकडाव. सारा मुलूख शेरडं घिऊन उभा हाय. गिऱ्हाईक म्हंजी एकला खाटीक. एकीला तीस देईल, लई झालं तर पस्तीस."

"पाऊसकाळ असता तर नव्वद आले असते," आई म्हणाली.

"तेच म्हनते. फी कितीची हाय?"

"एकशेऐंशी."

"मग साठ-सत्तर रुपड्यात पोरगी जाईल अर्ध्या वाटंला, इसापूरपातुर. तिथनं म्होरं काय चालत जायाची का?" ठकूबाईनं काळीच्या पोटावर हात ठेवला. "दोन्ही गाभन हायत. भादव्यात इत्याल. पाऊस पडला की लोकं शेळी मागत हिंडत्याल, आज इकनारेच. तुज्या शेळ्या, तू न्हे. मला इचारशील तर मी न्हाईच म्हनंन."

आईनं बांडीच्या कानावरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला ठकूबाईचं पटलं आहे आणि ते माझ्यापुढे म्हणवत नाही. मग ठकूबाई माझ्याकडे वळली.

"तू सांग की पोरी. फी तुजी हाय. न्यायच्या का ठिवायच्या?"

मार्चपासून त्या दिवसापर्यंत माझ्या पैशाबद्दल हेडसर बोलले होते, पाहुणे बोलले होते, पोस्टमास्तर, बापू, सगळे बोलले होते. विचारलं होतं ते फक्त मिश्री लावलेल्या या बाईनं. आणि तिनं विचारलं म्हणूनच मला खरं उत्तर द्यावं लागणार होतं. रागारागानं 'न्या' म्हटलं असतं तर आई शेळ्या घेऊन निघाली असती. साठ रुपये आले असते, फी भरली नसतीच आणि शेळ्याही गेल्या असत्या. मला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि जे दिसत होतं त्याचाच संताप येत होता.

"ठेवा," मी म्हटलं.

परत येताना ओढ्यात मी दगड उचलून उचलून कुठल्यातरी बाभळीला मारत होते. एकही लागला नाही. आई पुढे चालत राहिली. ती थांबली असती तर मी बहुतेक तिलाच काहीतरी बोलले असते.

ते वर्ष मी घरी बसले. बसले म्हणजे खडीच्या कामावरच्या बायकांच्या पोरांना सुकडी, सरकारचा कोरडा खाऊ, वाटायच्या कामावर लागले, दिवसाला थोडेफार पैसे मिळायचे. जुलैत पाऊस आला. भादव्यात शेळ्या व्याल्या, बांडीला दोन, काळीला दोन. पुढल्या जूनपर्यंत शेळीचा भाव ठकूबाई म्हणाली होती त्याच्याही वर गेला. आईच्या वाट्याचे दोन बोकड आणि बांडी विकून मी नगरला गेले. कोट शिवला. पण माझ्या बरोबरची कुसुम तोवर पुढच्या वर्गात होती, आणि पुढची सगळी वर्षं ती माझ्यापुढे एकच पायरी राहिली. नोकरीत, पगारात, बढतीत. लोक म्हणतात, एका वर्षानं काय होतं. ज्यांचं वर्ष गेलेलं नसतं ते म्हणतात.

सात वर्षांनी कागद पिकला. तोवर मी राहुरीला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते, बापू निवृत्त झाले होते. सुट्टीला घरी गेले तेव्हा त्यांनी कोऱ्या नोटा माझ्या हातात मोजून दिल्या. पावणेतीनशेच्या वर पाच. "बघितलंस? मी म्हटलं होतं. वाढले." त्यांनी म्हटलं होतं ते खरं होतं. ज्या दोनशेत मी तेव्हा कॉलेजला गेले असते, ते वाढून झालेल्या पैशांत आता माझं दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि धान्य सुटलं असतं. पैसे वाढले होते, बाकी सगळं त्याहून जास्त वाढलं होतं. हे बापूंना सांगायला तोंड उघडलं, त्यांचा चेहरा बघितला आणि मिटलं. सात वर्षं ते त्या नोटांची वाट बघत होते, माझ्यापेक्षा जास्त.

त्याच आठवड्यात मी काष्टीच्या बाजारातून एक दोन दाती पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, घेतली आणि ठकूबाईकडे नेऊन बांधली. "बापूंच्या नावानं," मी तिला सांगितलं. "अर्धलीनं." ठकूबाईनं पाटीचे दात बघितले, माझ्याकडे बघितलं आणि हसली.

पुढल्या वर्षी मी घरी असताना ती दारात आली. पाठीत आता वाकली होती. मी ओसरीवर सुपात बाजरी निवडत होते, बापू वर्तमानपत्र वाचत होते.

"गुर्जी हायत का? गुर्जी, तुमच्या शेळीचा बोकड सा म्हैन्याचा झाला. गिऱ्हाईक दीडशे म्हनतंय. द्यायचा का दिवाळीपातुर ठिवायचा?"

"मला काय विचारतेस, ठकूबाई? तुला कळतं ते कर."

"आसं कसं? अर्धा तुमचा हाय. तुमचं तुमाला इचाराय नगं?"

बापूंनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ठकूबाई दाराला टेकून उभी होती. तिला घाई नव्हती. सुपातले खडे बाजूला करत मी खाली बघत राहिले. मग बापू म्हणाले, "सुशे, तुला काय वाटतं?"

मी सूप खाली ठेवलं.

"पैसे कधी लागणार आहेत, बापू?"